दोन तारा आणि एक साधी गाडी

बाकीच्या धुळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आधी नाकाला कळते. कुणाच्या तरी मागच्या दारी पोळ्यांचं मातीचं खापर तापतं, पुरणात वेलदोडा पडतो, कुणी आंब्याच्या अढीवरचा पेंढा बाजूला करतं आणि उन्हाने भाजून निघालेली गल्ली एकाएकी गोड वासाची होते. आमच्याकडे मात्र आखाजी कानाला आधी कळते. मागच्या पत्र्याच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर सुरू होतो, त्याच्या पाठीत एक वायर खुपसली जाते आणि तो ‘टिंग-टुंग’ असा दोन पायऱ्या चढणारा आवाज काढतो. त्याचा अर्थ असा, की कुणीतरी दारात आलं, नाव सांगितलं, ओळख पटली, आत घेतलं.

आज सकाळी तो आवाज आला तेव्हा मी परातीत कणीक तिंबत होते. खापराच्या पोळीची कणीक नुसती मळून भागत नाही, तिला पाणी पाजत, आपटत, ओढत रबरासारखी करावी लागते. मनगटं कुरकुरत होती. आवाज ऐकला आणि हात थांबले. गंमत बघा, माझ्या वयाच्या बायकांना कशाने भरून येतं? कुणाला सनईने, कुणाला नातवंडाच्या बोबड्या बोलाने. मला यूएसबीच्या टिंग-टुंगने!

याला कारण एक आखाजी आहे. त्या वर्षी हा आवाज यावा म्हणून आम्ही तिघंजण कान टवकारून बसलो होतो आणि येत होता तो दुसराच. तीन पायऱ्या धडाधड उतरणारा, कपाळ आपटल्यासारखा. पाठोपाठ पडद्याच्या कोपऱ्यात पाटी, की हे यंत्र ओळखता आलं नाही.

आम्ही तिघं म्हणजे मी, माझी नात तन्वी आणि आबा. आबा म्हणजे माझे यजमान. मुलं आबा म्हणायला लागली, मग सुना, मग नातवंडं, आणि मीही कधी म्हणायला लागले ते आठवत नाही. आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर भोंग्यातून जो आवाज यायचा तो त्यांचा. “साक्रीमार्गे नवापूरकडे जाणारी जलद गाडी फलाटावर लागली आहे,” हे वाक्य ते असं म्हणत, की ज्याला नवापूरला जायचं नाही त्यालाही वाटावं, जाऊन यावं एकदा. बाजारात भाजीवाल्या त्यांना चेहऱ्याने ओळखत नसत, “कशी दिली भेंडी?” म्हटलं की चटकन मान वर करत.

तो आवाज त्या हिवाळ्यात गेला. लकवा आला, उजवा हात गेला, आणि शब्द तोंडातल्या तोंडात विरघळायला लागले. कळत सगळं होतं. डोळे तसेच, मिस्कील. फक्त भोंगा बंद. डॉक्टर म्हणाले, सराव करा, थोडंफार येईल. आबांनी महिनाभर सराव केला आणि मग एक दिवस तोंड मिटून खिडकीकडे बघत बसले ते बसलेच. मीही मग बोलेनाशी झाले. एकटीने काय बोलायचं? पन्नास वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस नुसता मान हलवतो म्हटल्यावर भांडणाचीही चव गेली.

अशा घरात तन्वी उतरली, जळगावच्या बसमधून, पाठीवर पोतं वाटावं एवढी बॅग. जळगावला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेपूर्वीची सुट्टी लागलेली, प्रोजेक्ट दाखवायचा राहिलेला, आणि पोरगी नाशिकला आईबापाकडे न जाता आमच्याकडे आली. बॅगेतून तिने एक डबी काढली. सुपारीच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. वर रंगीत, जाड बटणं, मागून एक वायर.

“आबा, हे तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “डाव्या हाताने बटण दाबायचं. डबी कॉम्प्युटरला सांगणार, कॉम्प्युटर मोठ्याने बोलणार. हे पाणी. हे चहा. हे पाठ दुखतेय. हे ‘नको’. हे ‘इकडे ये’.”

“आणि हे?” शेवटच्या बटणावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“ते आबा ठरवतील.”

आबांनी ते कोरं बटण बोटाने चाचपलं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा त्यांनी एखाद्या वस्तूकडे असं बघितलं.

*

इथे मला दुसऱ्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. ती आता हयात नाही असं म्हणायला हरकत नाही, कारण तिचा माझ्याशी फारसा संबंध उरलेला नाही. तिचं माहेर अमळनेरचं. तिथल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली, दोन वेण्या, नाकावर चष्मा, आणि त्या चष्म्याच्या वरून जगाकडे बघायची सवय. सोनगीरजवळच्या एका गावात तिला द्यायचं ठरलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार काय आला असेल? या लोकांना घर्षणाचे नियम माहीत असतील का! अहाहा. काय ती विदुषी!

बघायला आलेल्या सासूबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. अक्का म्हणाल्या, “खापरनी पोयी येस का तुले?”

आता खरं उत्तर असं होतं, की खाता येते. आई करायची आणि ही पुस्तकात डोकं घालून तुपात बुडवून खायची. पण विदुषी म्हणाली, “येते ना. त्यात काय एवढं? एका तासात पंचवीस करते.”

पंचवीस! मला आजही कुणी तासाला पंचवीस म्हटलं की त्या मुलीचा एक कान पकडावासा वाटतो.

*

तन्वीची रीत अशी, की तिला एखादी गोष्ट नीट समजली आहे की नाही हे बघायला ती मला समजावून सांगते. मला कळलं तर तिला कळलं. माझ्या बी.एस्सी.ला तिच्या लेखी एवढाच मान आहे. त्या पहिल्या दुपारी ती आबांच्या खोलीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, “यूएसबीतला बी म्हणजे काय माहितेय का? बस.”

आबांनी मान वळवली.

“खरंच बस, आबा. आणि कॉम्प्युटर म्हणजे तुम्ही. कंट्रोलर. तुमच्या शिट्टीशिवाय गाडी फलाट सोडायची का?”

आबांनी डावा हात असा काही उडवला, की त्या हालचालीत स्टँडवरचे सगळे उर्मट ड्रायव्हर आले.

“तसंच. ही डबी आपणहून एक अक्षर बोलू शकत नाही. कॉम्प्युटर तिला सारखं विचारत राहतो, आहे का काही? ती म्हणते, नाही. आहे का काही? नाही. सेकंदात कितीदा तरी. ज्या वेळी बटण दाबलेलं असेल त्या वेळी ती म्हणते, हो, आहे.”

“दिवसभर नाही-नाही म्हणायचा कंटाळा नाही येत तिला?” मी विचारलं. कारण मीही आबांना दिवसभर विचारायची, काही हवंय का, काही हवंय का, आणि ते वैतागून हात झटकायचे. मग मी विचारणं कमी केलं होतं.

“आज्जी, कुणीतरी विचारतंय म्हणून तर तिला बोलता येतं,” तन्वी म्हणाली आणि वायर सोलायला लागली.

हे तिने सहज म्हटलं. पोरींना माहीत नसतं त्या काय बोलून जातात. मी आत जाऊन उगाच एकदा फडताळ आवरलं, आणि बाहेर येऊन आबांना विचारलं, “काही हवंय?” त्यांनी हात झटकला. मला बरं वाटलं.

वायरच्या पोटात चार तारा निघाल्या. दोन विजेच्या, आणि दोन एकमेकींना वेणीसारखा पीळ घातलेल्या, हिरवी आणि पांढरी. सगळं बोलणं या दोघींतून. एक वर गेली की दुसरी खाली. दुसरी वर की पहिली खाली. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे असावेत तशा. ऐकणारा कुठल्याच तारेची उंची मोजत नाही, दोघींमधलं अंतर बघतो. “कारण बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो,” तन्वी म्हणाली. “मोटरचा, पंख्याचा, मोबाइलचा. दोघी मिळून थोड्या वर सरकतात, मिळून खाली येतात, पण अंतर तेवढंच राहतं. मग गोंगाट आपोआप वजा होतो.”

मी आबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आमच्या संसाराला याहून चांगली व्याख्या कुणी केलेली नाही. ते चिडले की मी थंड, मी तापले की ते पेपरात. भावकीचा, पाव्हण्यांचा सगळा गोंगाट दोघांवर सारखाच पडला आणि वजा होत गेला.

“आणि दोन्ही तारा एकदम खाली बसल्या तर?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“क्षणभर बसल्या तर वाक्य संपलं. पूर्णविराम.”

“आणि बराच वेळ बसल्या तर?”

“तर तो कॉम्प्युटरचा हुकूम. सगळं विसर आणि पहिल्यापासून सुरुवात कर. नवीन ओळख, नवीन नंबर.” ती हसली. “तू का एवढी गंभीर झालीस?”

*

मग वेगाच्या गोष्टी. मला त्या आबांमुळे पटकन कळल्या. एसटीत जशी साधी, जलद आणि निमआराम, तसे यूएसबीतही वेगाचे दर्जे. साधी गाडी कीबोर्ड आणि माउसची, सेकंदाला पंधरा लाख ठिपके, म्हणजे बिट, घेऊन जाणारी. जलद गाडी तिच्या आठपट. निमआराम जलदच्याही चाळीसपट. पुढे आणखी वोल्वो वगैरे निघाल्या आहेत म्हणे, त्यांच्या तारा वेगळ्या, त्यांचं आपल्याला काय.

गाडीला जशी पुढे पाटी असते, तशी डबीलाही असते. तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर. त्या दोन तारांपैकी एका तारेला तो हलकेच वर ओढून धरतो. एका तारेला जोडला तर कॉम्प्युटर समजतो, जलद आली. दुसरीला जोडला तर, साधी आली. वायर खुपसल्याबरोबर कॉम्प्युटर बघतो ते हेच, कुणाची मान वर आहे.

“आणि निमआरामची पाटी कुठल्या तारेला?”

“तिला वेगळी पाटी नसते. ती आधी जलद म्हणूनच येते. आत आल्यावर मग हळूच चिवचिवते, की मला यापेक्षा जास्त येतं, चालेल का? कॉम्प्युटरने उलट चिवचिवाट केला तरच वेग वाढवते.”

बघा! जी खरोखर वेगवान ती दारात काही बोलत नाही. आणि आमची विदुषी? दारातच, तासाला पंचवीस!

तन्वीने डबीला जलदची पाटी लावली होती. का, तर अहवालात ‘फुल स्पीड’ लिहिलेलं चांगलं दिसतं. वर्गातल्या बाकीच्यांनी तशीच केली होती. शिवाय तिने एक कसब दाखवलं होतं, त्याचा तिला फार अभिमान. डबीतल्या चिपला वेळ पाळायला बाहेरून एक क्रिस्टल लावतात, घड्याळासारखं. हिने ते लावलंच नाही. चिपच्या पोटात एक साधं घड्याळ असतंच, त्यावर भागवलं, आणि क्रिस्टलला लागणारे चिपचे दोन पाय वाचवून त्यांवर आणखी दोन बटणं बसवली. जळगावच्या लॅबमध्ये, एसीच्या गारव्यात, सगळं घड्याळासारखं चाललं. सरांनी पाठ थोपटली.

आणि आमच्या मागच्या खोलीत? सकाळी टिंग-टुंग. दुपारी बाराच्या पुढे तीन पायऱ्या धडाधड.

आबांनी ‘पाणी’ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा दाबलं नाही. हात मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे वळले. तन्वीचा चेहरा तेव्हा मी बघितला. मार्कांची काळजी असलेल्या मुलीचा तो चेहरा नव्हता. मार्क तिला मिळणारच होते, परीक्षा एसीत होती, सकाळची होती. तिला भीती वेगळीच होती. आबांनी डॉक्टरांचा सराव सोडला तसा डबीचाही नाद सोडला तर?

*

पुढचे दिवस म्हणजे आमच्या घरात वरात होती. तन्वीने वायर बदलली, प्रोग्राम बदलला, कॉम्प्युटरला शिव्या दिल्या. बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा सावली बघून मगच ओरडायचा. मागची खोली पत्र्याची. आबांना पुढच्या खोलीत कूलरजवळ ये म्हटलं तर येत नसत, कारण मागच्या खिडकीतून महामार्गाच्या गाड्या ऐकू येतात आणि अंगणातलं माझं खापर दिसतं. त्या पत्र्याखाली दुपारी पाण्याचा तांब्यासुद्धा चहाचा व्हायचा.

“तन्वे,” मी म्हटलं, “तुझी डबी सकाळी शहाणी असते आणि दुपारी बिघडते. मलाही असंच होतं. गरम तर होत नसेल तिला?”

ती ताडकन उठली. मग आपला लॅपटॉप आणि डबी उचलून पळाली पुढच्या खोलीत, कूलरच्या तोंडाशी. मी मागून नवरीचा शेला धरावा तशी वायर धरून. डबी गार होईपर्यंत थांबलो. खुपसली. टिंग-टुंग! परत मागे. जरा वेळ गेला. धडाधड.

“घड्याळ,” ती फरशीवर बसत म्हणाली. “आज्जी, घड्याळ सरकतंय.”

मग तिने सांगितलं ते असं. त्या दोन तारांत घड्याळाची वेगळी तार नाही. कॉम्प्युटरने आपल्या घड्याळाने बघायचं, डबीने आपल्या, आणि दोन्ही जुळली पाहिजेत. जलद गाडीला रुपयामागे पाव पैशाची चूक माफ. त्याहून जास्त सरकलं की कॉम्प्युटरला एक अक्षर कळत नाही, तो म्हणतो, ओळखत नाही. पोटातलं घड्याळ गारव्यात बरं चालतं, पण आपल्या वैशाखात ते ताळ्यावर राहत नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी धुळ्याची पत्र्याची खोली कुठे बघितलेली असते?

“मग लाव की ते क्रिस्टल.”

“दोन पाय लागतील. म्हणजे दोन बटणं काढावी लागतील.” तिने डबी उलटीपालटी केली. “कुठले दोन शब्द काढू आबांचे?”

आम्ही दोघींनी बटणांकडे बघितलं. पाणी काढायचं? दुखतंय काढायचं? ‘नको’ काढलं तर आबा जगतील कशाला! आणि कोरं बटण तर अजून बोललंही नव्हतं.

“दुसरा मार्ग नाही?”

“आहे. साधी गाडी करायची. तिला दीड पैशाची चूक चालते, सहापट सूट. तेवढ्यात हे घड्याळ बसेल.” ती मग एकदम उसळून म्हणाली, “पण लो स्पीड, आज्जी! अहवाल छापून झालाय. बाहेरचे परीक्षक विचारतील, आजच्या काळात लो स्पीड? सगळे हसतील. मी शेवटच्या वर्षाला आहे, पहिलीत नाही!”

मला त्या क्षणी तिच्या नाकावर एक चष्मा दिसला. तिला चष्मा नाही.

*

दुसऱ्या दिवशी आखाजी. मी मागच्या दारी चूल पेटवली, खापर उपडं टाकलं. खरं सांगते, त्या वर्षी करायचं मनात नव्हतं. आमच्याकडे आखाजीला एक गोष्ट सांगतात आणि ती सांगणारा गप्प होता. पन्नास वर्षं, खापर तापलं की आबा पाट ओढून बसायचे आणि माझ्या पहिल्या आखाजीची गोष्ट सांगायचे. मला ती अजिबात आवडायची नाही. दरवर्षी मी चिडायची. त्या वर्षी खापर तापत गेलं आणि कुणीच काही बोलेना, तेव्हा मला कळलं, की त्या गोष्टीशिवाय पोळीला चव येत नाही.

तन्वी उंबऱ्यात बसली होती, गाल फुगवून, डबी मांडीवर. खिडकीत आबा. मी घसा खाकरला.

“तुला माझ्या पहिल्या आखाजीची गोष्ट माहितेय?”

“दरवर्षी ऐकते.”

“ती आबांची. आता माझ्याकडून ऐक.”

आणि मी सांगितली. तासाला पंचवीसवाली सून लग्नानंतर पहिल्या आखाजीला चुलीपुढे बसली. खरं तर पहिल्या आखाजीला मुली माहेरी जातात, झोके घेतात. पण विदुषीने सासरी शान दाखवायची म्हणून माहेरचं बोलावणं दोन दिवस पुढे ढकललं! अंगणात बायका जमलेल्या. अक्का म्हणाल्या, “हयूहयू कर बेटा, व्हई जाई.” हळूहळू? हिला? हिने पुरण भरलेला उंडा घेतला, दोन्ही हातांवर थापला, आईचे हात आठवून गरागरा फिरवला. पोळी वाढली. बशीएवढी, ताटाएवढी. बायका म्हणाल्या, वा! झालं, विदुषीने वेग वाढवला. पोळी परातीएवढी झाली, आणि हिने ती जोरात खापरावर झोकली.

खापर रिकामं.

हिने चुलीत बघितलं. चुलीमागे बघितलं. परातीत, पाटाखाली बघितलं. बायका पदरात तोंड घालून गदगदत होत्या. कारण पोळी उलटी उडून हिच्याच उजव्या खांद्यावरून पाठीवर पडली होती, शालीसारखी, पुरणासकट. ओल्या कणकेचा गारवा पाठीला लागतोय तरी हिला पत्ता नाही, घामाचा वाटला. तेवढ्यात नवरोबा दारात आले. बघितलं सगळं. आणि स्टँडवरच्या भोंग्याच्या आवाजात, अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं...

इथे मी थांबले. तो आवाज मला काढता येईना. खिडकीतून आबा बघत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत, ओठ हलवत. मी कुठे काय विसरले ते डाव्या हाताने दाखवत. शाल डाव्या खांद्यावर, उजव्या नाही! असा त्यांचा हात.

तन्वीने ते पूर्ण केलं. “‘पोयी कथी गई वं?’”

“आणि विदुषी काय म्हणाली?”

“‘कोनती पोयी?’” तन्वी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. “पाठीवर पोळी घेऊन!”

“पाठीवर पोळी घेऊन,” मी म्हटलं. “तिला येत होतं त्यापेक्षा मोठी पाटी लावून आली होती बिचारी. कुणी तिला म्हटलं असतं, की बाई, तासाला चार कर, पण खापरावर पडू देत, तर ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. फार शिकलेली होती.”

तन्वीने हसता हसता डबीकडे बघितलं. मग उठून आत गेली. थोड्या वेळाने पुरणाच्या वासात राळ जळाल्याचा वास मिसळला. ती सोल्डर करत होती. तांदळाचा दाणा एका तारेवरून उचलून दुसरीवर. प्रोग्राममध्येही पाटी बदलली. बाहेर ऊन डोक्यावर आलेलं, पत्रे कडकड वाजत होते. तिने वायर खुपसली.

टिंग-टुंग.

आम्ही वाट बघत बसलो, धडाधडची. दुपार कलंडली. चूल विझली. पत्र्याखाली आम्ही तिघं भिजून चिंब. धडाधड आलंच नाही. आबांनी ‘पाणी’ दाबलं. कॉम्प्युटर बातम्या देणाऱ्या बाईसारखा म्हणाला, “पाणी.” तन्वीने पाणी दिलं. आबांनी लगेच ‘नको’ दाबलं. पुन्हा ‘पाणी’. पुन्हा ‘नको’. कंट्रोलरच्या हातात शिट्टी परत आली होती, आता काय! पोरीला त्यांनी घरभर पळवलं आणि तीही पळाली.

मग आबांनी कोऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि अंगणातल्या खापराकडे बघितलं. त्यावर काय हवं हे विचारायची गरजच पडली नाही.

*

परीक्षकांनी विचारलंच म्हणे, लो स्पीड का? तन्वी म्हणाली, “सर, गाडी साधी आहे, पण सगळे थांबे घेते. आणि उन्हात बंद पडत नाही.” मग तिने घड्याळाचं सगळं समजावलं, वाचवलेले दोन पाय, आबांचे शब्द. मार्क काय पडले ते तिने फोनवर सांगितलं, पण मी विसरले. तिच्या आवाजात चिवचिवाट होता एवढं लक्षात आहे.

आता ती पुण्याला असते. परवा फोनवर म्हणाली, “आज्जी, नवीन डबी करून पाठवते. बिनवायरची, एकदम फास्ट, आबांचा जुना आवाजसुद्धा बसवता येतो का बघते.” फोन स्पीकरवर होता. आबांनी बटण दाबलं.

“नको,” बातम्यांची बाई म्हणाली.

आज आखाजी. खापराच्या पोळ्या आता मला बऱ्या येतात. पंचवीस नाही, पण घरापुरत्या. उंडा हातावर फिरतो, पोळी पातळ होते, इतकी की तिच्यातून अंगणातलं ऊन दिसावं, आणि खापरावर अलगद उतरते. सगळ्या उतरतात. फक्त एक सोडून. दरवर्षी एक पोळी मी जरा जास्त जोरात झोकते. हात वयाने चळतो, असं सुनेला वाटतं.

आत्ताच झोकली. डाव्या खांद्यावर गार लागतंय. मी चुलीत बघितलं, चुलीमागे बघितलं, पाट उचलून बघितला. खिडकीकडे मात्र बघितलं नाही. साधी गाडी, जरा वेळ लागतो.

मग पत्र्याखालून शुद्ध, सुस्पष्ट, बातम्यांच्या आवाजात आलं:

“पोयी कथी गई वं?”

“कोनती पोयी?” मी म्हटलं.